उष्टी लवकी

फोड जिभेवर ठेवली आणि तशीच मोरीत थुंकून टाकली. चूळ भरली, पुन्हा भरली, गुळाचा खडा चघळला, तरी घशाला चिकटलेलं ते कडूजहर काही जाईना. विळीशेजारी अर्धी चिरलेली लवकी पडली होती. कोवळी, हिरवीगार, नखाने दाबली तर पाणी सुटेल अशी. दिसायला कुठे म्हणून खोट नव्हती.

आमच्या अमरावतीकडे दुधी भोपळ्याला लवकी म्हणतात. ही लवकी आमच्याच वाडीतली होती. हापशीजवळच्या नव्या वेलावरून आदल्या संध्याकाळी मीच ती तोडून आणली होती. चिरताना एक फोड चाखून बघायची सवय मला आईने लावली. तिच्या माहेरी एका बाईने कडू लवकीची भाजी, टाकून कशी द्यायची म्हणून, मुकाट्याने खाल्ली होती. रक्ताच्या उलट्या होऊन ती बाई गेली. आई हे सांगताना दर वेळी पदराने तोंड पुसायची, जणू ती भाजी तिनेच खाल्ली होती.

त्या सकाळी मात्र मला त्या बाईची आठवण काढायला वेळ नव्हता. मी तोडलेली लवकी त्या वेलाची दुसरी होती. मग पहिली कोणाच्या घरात होती?

पदर खोचून मी निघाले. "चहा?" नवऱ्याने पेपरातून मान वर न करता विचारलं.

"तुम्हीच ठेवा," मी म्हटलं, "अन् त्या लवकीले हात लावू नका. चिरलेलीबी तशीच राहू द्या."

पंधराएक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, मधोमध एक मोकळी जागा सोडलेली होती. नकाशात तिथे बगीचा होता, प्रत्यक्षात उकिरडा. आम्ही काही जणींनी मिळून तो उकिरडा उपसला, तारेचं कुंपण घातलं आणि भाजीपाल्याची ही वाडी लावली. कोणी हापशीचं पाणी ओढायचं, कोणी निंदण करायचं, कोणी वेलांना मांडव बांधायचा. बी-बियाणं मात्र द्वारकेच्या ताब्यात. द्वारका ठोके म्हणजे वाडीची पाटलीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. त्यामुळे तिचा सगळा जीव आणि सगळा राग वाडीतच खर्च व्हायचा.

आमच्या वाडीचा एक रिवाज होता आणि तोही द्वारकेनेच घातलेला. कुठल्याही वेलाचं पहिलं फळ ले-आउटमधल्या आजारी माणसाच्या घरी जायचं. गाजावाजा करायचा नाही. उजाडताना कापडी पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवायचं आणि निघून यायचं. बेल वाजवायची नाही, कोणी दिलं ते सांगायचं नाही. आणि देणारीने ते चाखायचं नाही, कारण आजारी माणसाला उष्टं देऊ नये. इतका चांगला रिवाज दुसऱ्या कुठल्या ले-आउटमध्ये नसेल, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. 

द्वारका ओट्यावर राख चाळत बसली होती. बियाणं ती राखेत ठेवायची.

"हापशीजवळच्या वेलाची पहिली लवकी तोडली का तू?" मी फाटकातूनच विचारलं.

"तोडली न. काल दुपारी."

"कोनाकडे दिली?"

"एका घरी कडीले अडकवली सकाळी." तिची चाळणी चालूच होती.

"कोनाच्या घरी, द्वारके?"

"नाव सांगायचं नसते. तुले माहीत हाय."

"ती कडू हाय."

चाळणी थांबली.

"त्याच वेलाची दुसरी मी आता चिरली. जहर हाय नुसतं. थुंकली तरी घसा जळून राहिला माह्या. सांग लवकर, कोनाकडे दिली?"

 द्वारका राखेत बोटं फिरवत बसली. ले-आउटमध्ये आजारी माणसं काय कमी होती? कोणाचा पाय मोडलेला, कोणाला कावीळ, कोणी नुकतीच बाळंत झालेली. मी मनातल्या मनात एकेक घर फिरून आले. एकच घर वगळलं, कारण त्या घराच्या कडीला द्वारकेचा हात लागेल हे शक्यच नव्हतं.

"वच्छीकडे," द्वारका म्हणाली.

नेमकं तेच घर मी वगळलं होतं. वच्छीचे यजमान भास्करराव यांना त्या उन्हाळ्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून रोज सकाळी पूजा झाली की उपाशीपोटी ते ग्लासभर लवकीचा रस पीत. भाजी असती तर पहिल्या घासालाच कळलं असतं. रस प्यायचा तो नाक दाबून, एका दमात. शिवाय त्यात ते कडुलिंबाची पानं आणि कारल्याची फोड घालायला लावत. कडू लागलं असतं तरी त्यांना वाटलं असतं, आज औषध जरा चांगलं उतरलंय.

"तू वच्छीकडे दिली?" मी पुन्हा विचारलं, कारण माझा विश्वासच बसेना.

"आजारी मानूस हाय. रिवाज हाय," द्वारका म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

वच्छला भुयार, द्वारका आणि मी, वाडीची पहिली कुदळ आम्ही तिघींनी मारली होती. त्यातही त्या दोघींचं असं होतं, की एकीच्या घरी मीठ कुठल्या डब्यात आहे ते दुसरी सांगायची. मग आदल्या वर्षी भास्कररावांना एकतारी करायची हौस आली. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, भजनाचा नाद जुना. एकतारीला भोपळा लागतो तो कडू, कारण त्याला लवकर कीड लागत नाही. त्यांनी कुठून तरी बी मिळवलं आणि वच्छीने वाडीच्या कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल चढवला. द्वारका म्हणाली, कडू वेल वाडीत नको, आपलं बियाणं बिघडतं. वच्छी म्हणाली, एका कोपऱ्यात तर आहे, कोणाला काय करतो? रोज त्यावरून कुरबुर. शेवटी एक दिवस द्वारकेने सगळ्यांसमोर तो वेल मुळासकट उपटला. भास्करराव तिथेच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "द्वारकाबाई, विचारायचं तरी होतं." त्यावर आमच्या पाटलीणबाईंनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच."

मी वेलाला म्हटलं, असं ती नंतर सांगत फिरली. पण माणूस समोर उभा असताना असली म्हण वेलाला लागत नाही. भास्करराव मान खाली घालून घरी गेले. वच्छीने त्या दिवसापासून वाडीत पाऊल टाकलं नाही. मी वाडी सोडली नाही, म्हणून माझ्याशीही बोलणं टाकलं.

मी द्वारकेच्या घरातूनच वच्छीला फोन लावला. वाजला आणि कापला गेला. द्वारकेचा नंबर बघितला असणार. माझ्या लक्षात आलं आणि मी स्वतःलाच शिव्या दिल्या. पुन्हा लावला तर फोन बंद.

तेवढ्यात माझी नजर पंख्याकडे गेली. पंखा थांबलेला होता. त्या वर्षी सकाळचं भारनियमन असायचं. माझा जीव भांड्यात पडला. "लाईट नाही, द्वारके. मिक्सर चालनार नाही. वेळ हाय आपल्यापाशी."

"वच्छी मिक्सर कधी वापरते?" द्वारका म्हणाली. "किसनीवर किसते अन् फडक्यातून पिळते. पहिल्यापासून."

मी तिचा दंड धरला. "चाल मग."

ती उठली आणि दोन पावलं टाकून फाटकाशी थांबली. इतकी वर्षं मी तिला बघत होते, पण तिला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "मी आली तर ती दार उघडनार नाही," ती म्हणाली. "अन् त्यायनं रस पेला असला तर... कुमुद, लोक काय म्हनतीन? द्वारकीनं डाव धरला अन् मानसाले जहर दिलं. वच्छीबी तेच म्हनीन."

"म्हनू दे."

"तू जा. तू पळ. मी..." 

मी पळाले. पळाले म्हणजे माझ्या वजनाच्या बाईला जमेल तेवढं. एक चप्पल द्वारकेच्या फाटकात राहिली, दुसरी मी वळणावर भिरकावून दिली. दूधवाल्याने सायकल थांबवून विचारलं, "काकू, काय झालं?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे श्वास नव्हता.

वच्छीच्या दाराच्या कडीला पिशवी नव्हती. ती अंगणातल्या दोरीवर होती, धुऊन वाळत घातलेली. म्हणजे लवकी घरात जाऊन बराच वेळ झाला होता. आतून भास्कररावांचा पाठ ऐकू येत होता, संथ आणि खणखणीत. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाठ चालू आहे म्हणजे रस अजून प्यायलेला नाही.

मी जाळीचं दार वाजवलं. वच्छी आली. हात ओले होते आणि कमरेला फडकं खोचलेलं.

"वच्छे, दार उघड."

"काहून?"

"ती लवकी किसली का तू?"

"कोनती?"

"सकाळी कडीले होती ती. द्वारकीची."

"माहीत हाय द्वारकीची," वच्छी म्हणाली. "नाव नाही सांगितलं तरी पिशवीची गाठ सांगते. अशी आडवी गाठ दुसरं कोनी मारत नाही." मग तिने आत नवऱ्याकडे बघितलं आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. "मी म्हटलं, चला, वर्षभरानं बाईले बुद्धी आली. आज यायले त्याच लवकीचा रस देतो. घरातली दुसरी होती ती राहू देली."

"देऊ नको. कडू हाय ती."

माझ्या तोंडून दुसरा कुठलाही शब्द निघायला हवा होता. वच्छीचा चेहरा बघता बघता दगड झाला.

"अजून कडूच का?" ती म्हणाली. "आमचा वेल कडू, आमचा मानूस कडू, अन् आता आमच्या घरी आली तर लवकीबी कडू. तिले सांग, परत घ्यायची होती तर द्यायची काहून?"

"परत कोन मागून राहिलं? वच्छे, ऐक माझं. तिच्या जोडीची लवकी मी घरी चिरली, चाखली. जहर हाय. भाऊजींच्या जिवावर येईन."

"तिनं पाठवलं तुले?"

"मीच आली."

"मग पळत तिच्याकडून काहून आली? तिच्याच फोनवरून फोन केला न तू?"

 आत देवघरासमोर भास्करराव पाटावर बसलेले मला जाळीतून दिसत होते. शेजारच्या स्टुलावर स्टीलचा ग्लास होता, त्यावर बशी झाकलेली. पाठ शेवटाला आल्यासारखा वाटत होता. आवाज चढत चालला होता.

"तू एक घोट चाखून तर पाह्य," मी हात जोडले.

"यायचं औषध उष्टं करू का मी?" वच्छी म्हणाली. "लग्नापासून कोनाच्या उष्ट्याले शिवले नाही ते. माह्याबी नाही."

"मग चोथा तरी जिभेले लाव."

"नाही लावत. तुम्ही दोघी मिळून माझी परीक्षा घ्याले निघाल्या का? वर्षभर कोनी विचारलं नाही, मानूस दवाखान्यात होता तेव्हा नाही, अन् आज सकाळी सकाळी दारात येऊन म्हनते, चोथा चाट."

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. भास्करराव दवाखान्यात असताना मी एकदा त्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. पण ते बोलायची ही वेळ नव्हती, कारण आत घंटी वाजली. पाठ संपला होता.

"भाऊजी!" मी जाळीला तोंड लावून ओरडले. "रस पेऊ नका! कडू हाय तो!"

भास्करराव उठले. देवाला नमस्कार केला, मग सावकाश माझ्याकडे वळले. आजारपणाने माणूस अर्धा झाला होता, पण हसू तेच. "कुमुदबाई, औषध गोड कुठे असतं?" ते म्हणाले आणि त्यांनी बशी बाजूला काढून ठेवली.

माझ्या खांद्याला कोणीतरी घासून पुढे गेलं. द्वारका होती. अनवाणी, कोपरापर्यंत राखेने माखलेली, छाती भात्यासारखी वरखाली होणारी. ती वच्छीशी बोलली नाही की माझ्याशी बोलली नाही. जाळीच्या कोपऱ्यात एक जागा जरा वाकलेली होती. तिथून तिने हात आत घातला, न बघता कडी सरकवली आणि ती आत शिरली. त्या दाराची खोड तिच्या हाताला अजून पाठ होती.

भास्कररावांनी ग्लास उचलला होता. तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ठेव तो ग्लास," वच्छी मागून कडाडली. "ठेव म्हटलं न. फेकला तर मी दुसरा भरीन, गंजात रस हाय अजून. तुझ्या सांगण्यावरून माझ्या घरात काही फेकल्या जानार नाही."

"फेकत नाही," द्वारका म्हणाली आणि तिने ग्लास तोंडाला लावला.

भास्करराव "अहो, अहो" करत राहिले. तिने एक घोट घेतला. तिचा सगळा चेहरा गोळा झाला, डोळे मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं, झालं, आता ती ग्लास खाली ठेवेल.

"तोंड वाकडं कोनालेबी करता येते," वच्छी म्हणाली. "नाटक."

द्वारकेने डोळे उघडले. ग्लासाच्या कडेवरून तिने वच्छीकडे बघितलं आणि तशीच बघत ती घटाघटा पीत सुटली. मी धावून तिचा हात ओढला तेव्हा अर्ध्याहून अधिक रस पोटात गेला होता. उरलेला ग्लास तिने स्टुलावर भास्कररावांपुढे ठेवला.

"उष्टा झाला," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "आता तुम्ही पेनार नाही, भाऊजी."

 मग वच्छी पुढे आली. तिने ग्लासात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी तिच्याकडेच बघत होते. बोट तोंडातून काढायचंही तिला सुचलं नाही.

पुढच्याच क्षणी तिने द्वारकेची मानगूट धरली होती. "काढ ते. काढ पोटातून. द्वारके, उलटी कर, तुझ्या पाया पडतो." तिला ओढत मोरीत नेलं, मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घातली. द्वारका ओकली, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. मी रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवेपर्यंत तिच्या उलटीत रक्त आलं. भास्करराव स्वतःच्या छातीवर हात ठेवून दारात उभे होते आणि म्हणत होते, "माझं होतं ते. ते माझं होतं."

ऑटोत द्वारकेचं डोकं वच्छीच्या मांडीवर होतं. हात बर्फासारखे गार. वच्छी ते चोळत होती आणि चोळता चोळता बडबडत होती, "झोपू नको. माझ्याशी भांड. भांड न माझ्याशी." द्वारका उत्तर देत नव्हती. द्वारका भांडणाला उत्तर देत नाही हे आम्ही दोघींनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आमचा धीर तिथेच सुटला.

दवाखान्यात तिला सलाईनवर सलाईन लावलं. रक्तदाब इतका उतरला होता की नर्स पुन्हा पुन्हा पट्टा गुंडाळून बघत होती. डॉक्टर आधी आम्हालाच रागावले, कडू लागल्यावर कोणी ग्लासभर पितं का म्हणून. मग तो रस कोणासाठी काढला होता ते आम्ही सांगितलं. "त्यांच्या हृदयाला हे झेपलं नसतं," एवढंच म्हणाले.

पुण्याहून मुलगा येईपर्यंत कागदावर जवळचं नातं लिहायचं होतं. वच्छीने लिहिलं, बहीण.

द्वारका वाचली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कोणाला सांगता येत नव्हतं. दिवे लागल्यावर तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. वच्छीने चमच्याने तिच्या ओठांवर पाणी सोडलं. मग तिच्याने राहवेना.

"एक घोट पुरे होता उष्टं करायले. एवढा काहून पेली?"

"तू नाटक म्हटलं न," द्वारका म्हणाली.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा," वच्छी म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. रडत होती की हसत होती, सांगणं अवघड होतं. मी तर दोन्ही करत होते.

"वेल मीच लावला होता," जराशाने वच्छी म्हणाली.

"मी उपटला, पन उशिरा," द्वारका म्हणाली. "फुलं येऊन गेल्ती त्याले. मधमाश्यायले काय कुंपन हाय? त्याच वक्ताची लवकी मी बियाले राखली. समजाले पाहिजे होतं मले." ती दमली आणि थांबली. आम्हाला वाटलं, झोपली. पण ती छताकडे बघत होती. "भाऊजी आजारी पडले तेव्हाच येनार होती मी. तोंडानं जमत नव्हतं. म्हनून म्हटलं, लवकी द्यावी. तीबी कडूच निघाली."

वच्छीने तिचा हात हातात घेतला. त्यावरची राख अजून तशीच होती. तिने आपल्या पदराचं टोक ओलं करून एकेक बोट पुसलं. यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

हापशीजवळचा वेल दुसऱ्या दिवशी वच्छीने आणि मी उपटला. बियाणं सगळं टाकून दिलं, राखेसकट. रिवाज मात्र ठेवला, थोडा बदलून. पहिलं फळ अजूनही आजारी माणसाच्या घरी जातं, नाव न सांगता, बेल न वाजवता. पण तोडणारीने देठाकडची एक चकती कापायची आणि तिथेच उभं राहून कच्ची खायची. उष्टं झाल्याशिवाय वाडीतून काहीही कोणाच्या दाराला जायचं नाही. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, आजाऱ्याला उष्टं देतात म्हणून. पहिली उष्टी लवकी घेतली ती भास्कररावांनी. ज्या माणसाने लग्नाच्या पंगतीतही बायकोचा उष्टा घास घेतला नव्हता, त्याने पिशवी कडीवरून काढली, देठाकडची कापलेली जागा बघितली आणि दारातूनच सांगितलं, "असंच आणत जा."

द्वारका दोन वर्षांपूर्वी गेली. शांतपणे, झोपेत, कोणाशी न भांडता. ते तिला शोभलं नाही, असं वच्छी अजून म्हणते.

या हिवाळ्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर कडीला कापडी पिशवी. वर आडवी गाठ, द्वारकेची. वच्छीने ती कधी शिकून घेतली कोण जाणे. आत एक कोवळी लवकी होती आणि तिच्या देठाकडची चकती कापलेली होती.

मी विळी घेऊन बसले. आईची सवय हाताला इतकी लागलेली, की पहिली फोड उचलून मी तोंडाशी नेली. मग ती खाली ठेवली आणि न चाखता सगळी लवकी चिरली.